रिठातल्या पिंपरीचा ठिपका

मला लोक रागीट म्हणतात. म्हणू दे. यवतमाळच्या उन्हात वाढलेलं माणूस थंड डोक्याचं निघालं तर त्यालाच डॉक्टरकडे न्यावं, असं माझं मत आहे. पण ज्या रागाची ही गोष्ट आहे, तो मला आधी स्वतःवरच काढावा लागला. म्हणून तो अजून जिरला नाही.

ते पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे, वाईट दिवस होते. ज्या बियाण्याला अळी लागतच नाही असं दुकानदार छातीठोकपणे सांगायचे, त्याच बियाण्याच्या बोंडात गुलाबी अळी आरामात राहायला आली होती. बाहेरून बोंड कसं हिरवंगार, टणक. फोडलं की आत सरकी पोखरलेली आणि कापूस पिवळा. फवारा मारून उपयोग नाही, कारण अळी एकदा आत शिरली की तिला छप्पर मिळालेलं असतं. तिला गाठायचं तर शिरण्याआधी. घाटंजी तालुक्यातल्या काही कास्तकारांनी आणि एका लहानशा संस्थेनं मिळून त्यासाठी एक जुगाड केला होता.

वावरात एक प्लास्टिकचा सापळा टांगायचा. त्यात मादीच्या वासाची गोळी असते, त्या वासाला नर पतंग येतात आणि खालच्या पिशवीत पडतात. रोज सकाळी ते मोजायचे आणि घाटंजीच्या केंद्रावर फोन करून आकडा सांगायचा. सलग तीन दिवस आठाच्या वर पतंग आले की समजायचं, आता अंडी पडणार. मग केंद्राची जीप कार्डं घेऊन निघायची. पोस्टकार्डापेक्षा लहान अशी ही कागदी पट्टी, तिच्यावर डोळ्याला धड न दिसणाऱ्या मित्रकिडीची अंडी चिकटवलेली. ती पऱ्हाटीच्या पानाला खालून टाचायची. मित्रकीड बाहेर येते आणि बोंडअळीची अंडीच फस्त करते. पण कार्डं मोजकीच यायची आणि दोन-तीन दिवसांत लावली नाहीत तर वाया जायची. त्यामुळे जीप पहिल्यांदा कुठं जाते, यावर सगळा खेळ.

जीप कुठं जायची, ते नकाशा सांगायचा. आणि नकाशा माझा होता.

म्हणजे माझा एकटीचा नव्हे. मी दिवसभर घरून एका कंपनीची नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात एका मुक्तस्रोत प्रोग्रामचं काम करायची. मुक्तस्रोत म्हणजे ज्याचं पोट सगळ्यांना उघडं: कोणीही वाचा, बदला, फुकट वापरा. साधा नकाशाचा प्रोग्राम, आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चालणारा. पाच-सहा देशांतली पाच-सहा माणसं तो सांभाळायची, आणि त्यातल्या एकाचंही तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. शोधायची चौकट माझ्याकडे होती. तुम्ही त्यात गावाचं नाव लिहिता आणि नकाशावर ठिपका पडतो. मधलं काम कोण करतं? तर एक जिओकोडिंग सेवा. आपण तिला नाव पाठवायचं, ती त्या जागेचे अक्षांश-रेखांश परत पाठवते. अशा सेवा बऱ्याच आहेत. प्रोग्रामला कोणती जोडायची, हे मी ठरवायचं होतं.

मी सगळ्यात मोठी, सगळ्यात नावाजलेली निवडली. का? तर ती कधी नाही म्हणायचीच नाही! अर्धं नाव टाका, ठिपका. चुकीचं लिहा, ठिपका. मी घाटंजी टाकून पाहिलं, बाभुळगाव टाकलं, नेर टाकलं. सगळं बरोबर. वा, काय हुशार बाई आहे, म्हणत मी ती जोडून टाकली. तालुक्याची गावं तर एसटीच्या कंडक्टरलाही पाठ असतात. त्यावर परीक्षा घेऊन पास करणारी मी किती मोठी भैताड, हे मला तेव्हा कळलं नाही.

आता रीठ म्हणजे काय ते सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे अशी कितीतरी गावं आहेत, जी उठून गेली. कधी साथ आली, कधी पाणी आटलं, लोक घरं मोडून शेजारच्या गावात गेले. मागं राहिला एक शेंदूर लावलेला मारुती, दोन-चार चिंचा आणि जोत्याचे दगड. तिथं आता राहत कोणी नाही, पण कागदोपत्री ते गाव शाबूत आहे. शीव तीच, नाव तेच, सातबाऱ्यावर मौजाही तोच. त्याला रीठ म्हणतात. "माह्यं वावर रिठात हाय," असं माणूस सहज बोलून जातो.

सापळे वाटताना केंद्रानं एक फॉर्म भरून घेतला होता. त्यात एक रकाना होता: गाव. दुसऱ्या कोणत्या मुलखातल्या माणसानं त्यात आपण राहतो ते गाव लिहिलं असतं. आमच्या कास्तकारांनी विचार केला की सापळा घरात टांगायचा नाही, वावरात टांगायचा आहे. मग गावही वावराचंच लिहायला पाहिजे. त्यांनी सातबाऱ्यावरचा मौजा लिहिला. आणि ज्यांचं वावर रिठात होतं, त्यांनी मोठ्या प्रामाणिकपणानं अशा गावाचं नाव लिहून दिलं, जिथं एक चूलसुद्धा पेटत नाही.

एका काकूंनी लिहिलं होतं: पिंपरी.

ह्या काकूंना मी तोवर पाहिलं नव्हतं. पाच एकर पऱ्हाटी, मध्ये तुरीच्या ओळी, नवरा सालभर कंबरेनं अंथरुणाला खिळलेला, त्यामुळे वावराचा कारभार एकहाती. सापळा मोजण्यात त्यांचा एक दिवसही खाडा नव्हता, असं केंद्रावरची ताई सांगायची. ही ताई म्हणजे केंद्राचा कॉम्प्युटर चालवणारी, फोन घेणारी, आकडे भरणारी, सगळं तीच.

त्या हंगामात काकूंचा आकडा आला नऊ. दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी दहा. ताईनं आकडे भरले, माझ्या प्रोग्रामनं "पिंपरी" हे नाव त्या हुशार सेवेला पाठवलं आणि सेवेनं क्षणात ठिपका दिला. नेरच्या बाजूच्या एका पिंपरीवर. तिथं घरं होती, रस्ता होता, नकाशात नाव होतं. ठिपका लाल झाला आणि जीप सरळ तिकडे गेली. तिथले लोक म्हणाले, "आमच्या इथं तं कोनाजवळच सापळा नाई." ड्रायव्हरला वाटलं, फॉर्ममध्येच काही गडबड असेल. आणलेली कार्डं त्यानं मागतील त्यांना देऊन टाकली आणि परत आला. नकाशावर पिंपरीपुढं खूण झाली: कार्डं पोचली.

कार्डं पोचली म्हटल्यावर काकूंना फोन कशाला करायचा? कोणी केलाच नाही.

पंधरा-वीस दिवसांनी काकू यवतमाळला माझ्या दारात उभ्या राहिल्या. केंद्रावर जाऊन आधी ताईशी भांडल्या होत्या. ताईनं हात वर केले, म्हणाली नकाशा तिकडच्या मॅडम करतात. पत्ता घेऊन काकू एसटीनं आल्या. नऊवारीचा काष्टा, हातात वायरची पिशवी. मी आत या म्हटलं, पाणी दिलं. त्यांनी पाण्याला हात लावला नाही. पिशवीतून एक बोंड काढलं, माझ्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर ठेवलं आणि अंगठ्यानं फोडलं. आतून गुलाबी अळी निघाली आणि अक्षरांवरून चालायला लागली.

"पाहून घ्या मॅडम," काकू म्हणाल्या. "तीन दिवस मोजले म्या. तीन दिवस फोन केला. मंग गाडीची वाट पाहून राह्यली. काहून नाई आली?"

मी सांगायला लागले. नावाचा घोटाळा झाला, सेवेला वाटलं ती दुसरी पिंपरी, मशीनला रीठ माहीत नसतं. काकूंनी ऐकून घेतलं. मग जे बोलल्या ते मला आजही अक्षरशः आठवतं.

"माईत नसन तं नाई म्हना ना! नाई म्हनाले कोनाचं काय जाते? गाडी येत नाई म्हनून सांगतलं असतं, तं मी माह्यं पाहून घेतलं असतं. घाटंजीले जाऊन कार्डं डोक्यावर आनली असती. तुमच्या भरवशावर बसली मी. तुमी खोटं कायले सांगता?"

मला राग आला. खरं सांगते, त्यांचाच आला. फुकटात राबतेय मी, रात्रंदिवस डोळे फोडतेय, आणि ही बाई माझ्याच घरात येऊन मला खोटारडी म्हणते? मी काहीतरी तोडून बोलणार, तेवढ्यात आतून बाबा बाहेर आले.

माझे बाबा कोर्टात बेलिफ होते. तीस वर्षं समन्स बजावत त्यांनी जिल्हा पायाखाली घातला होता. पेन्शनीत निघाल्यापासून त्यांना बोलायला निमित्तच लागत नसे. त्यांनी अळी चिमटीत धरून बाहेर फेकली, काकूंना बसायला सांगितलं आणि माझ्याकडे वळले.

"आमच्यात दोन जातीचे बेलिफ होते," ते म्हणाले. "माणूस सापडला नाही तर एक लिहायचा, 'पत्त्यावर आढळला नाही.' साहेब त्याच्यावर ओरडायचे. ओरडू द्यायचं. दुसऱ्याला ओरडा खायची लाज वाटे. तो त्याच नावाच्या भलत्याच माणसाच्या दाराला कागद चिकटवून लिहायचा, 'बजावलं.' साहेब खुश. इकडे ज्याच्यावर दावा आहे त्याला पत्ताच नाही. तारखेला तो हजर नाही, एकतर्फी निकाल लागला, अन् वावर गेलं बिचाऱ्याचं. तू यातला कोणता बेलिफ ठेवला बेटा?"

काकू म्हणाल्या, "दुसराच दिसते." आणि मग त्या पाणी प्यायल्या.

त्या गेल्यावर मी सेवेनं पाठवलेलं उत्तर जसंच्या तसं उघडून वाचलं. त्या उत्तराच्या शेपटीला एक बारीकशी खूण होती: अर्धवट जुळलं. म्हणजे सेवेनं सांगितलं होतं की हा आपला अंदाज आहे. तो शब्द लपवला होता मी. चौकट बनवताना ती खूण मला विद्रूप दिसली, वापरणाऱ्याचा उगाच गोंधळ होईल असं वाटलं, म्हणून मी ती दाखवलीच नाही. खोटं मशीन बोललंच नव्हतं. त्याच्या तोंडून मी बोलवून घेतलं होतं.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी राग आला, आणि तो राग कामाचा होता. मी ठरवलं, नव्यानं निवडायचं. पण आता परीक्षा घाटंजी-नेरची नाही. परीक्षा रिठाची.

तलाठ्याकडून मौजांची यादी आणली, त्यातली रिठं वेगळी काढली. जवळपास प्रत्येक सेवेला तीच नावं विचारली. एकीलाही एकही रीठ माहीत नव्हतं. तिथं सगळ्या सारख्याच. मग मी त्यांच्या अटी वाचायला बसले. इतकी वर्षं खाली 'मान्य आहे' वर टिचकी मारत आले होते. आता ओळ न् ओळ वाचली, आणि वाचता वाचता कानातून वाफा निघायला लागल्या.

मोठ्या सेवेची पहिली अट: प्रत्येक वापरणाऱ्यानं आपली किल्ली, म्हणजे सेवा उघडणारा गुप्त आकडा, घ्यायची, आणि किल्लीसाठी क्रेडिट कार्ड जोडायचं. प्रोग्राम उघडा, म्हणून माझी किल्ली मी त्यात ठेवू शकत नाही. कोणीही उचलून नेईल. आणि घाटंजीच्या केंद्रावर क्रेडिट कार्ड कोणाजवळ असणार, ताईजवळ? दुसरी अट त्याहून भारी. आलेलं उत्तर साठवून ठेवायचं नाही! काकूंचं वावर कुठं आहे ते मी आज विचारलं, तर उद्या पुन्हा विचारायचं, परवा पुन्हा. लिहून ठेवलं तर नियमभंग. अरे वा रे वा! वावर काकूंचं, शीव आमची, पतंग मोजले काकूंनी, आणि ते कुठं आहे हे कागदावर उतरवायला ह्यांची परवानगी? केंद्रावर नेट दिवसातून दोन तास धड चालायचं. साठवता येत नाही म्हणजे बाकीचे बावीस तास नकाशा आंधळा. आणि तिसरं म्हणजे, सेवेला माहीत नसलेलं गाव तिला सांगायची सोयच नीट नव्हती. मी पिंपरी रीठ सुचवलं. काही दिवसांनी उत्तर आलं, या जागेची खात्री करता आली नाही. ये म्हणावं करायला खात्री. काकू चहा पाजतील.

दुसरीकडे एक साधी सेवा होती. लोकांनी मिळून काढलेल्या खुल्या नकाशावर चालणारी, वर्गणीवर तगणारी. तिचंही म्हणणं होतं: एका सेकंदाला एकच प्रश्न विचारा, आपण कोण ते सांगून विचारा, आणि तेच तेच विचारू नका, उत्तर आपल्याजवळ ठेवा. मला हे वाचून हसूच आलं. आमच्याकडे परक्या गावात शिरलेला माणूस पारावर असंच विचारतो. एका वेळी एक गोष्ट, आधी स्वतःचं गाव सांगून. शिवाय तिच्या नकाशात कमी असेल ते कोणीही घालू शकत होतं. आणि मुख्य म्हणजे, जे तिच्याजवळ नसे तिथं ती बऱ्याचदा सरळ रिकामी ओंजळ दाखवायची.

पण "पिंपरी" म्हटलं की तीही नेरकडची पिंपरी पुढं करायचीच. म्हणून मी चौकटीतच नियम घातला. गाव आणि तालुका दोन्ही तंतोतंत जुळले तरच ठिपका. नाहीतर ठिपका नाही. लाल अक्षरांत ओळ येणार: "सापडलं नाही. फोन करून विचारा." आणि त्याखाली सापळेवाल्याचा नंबर.

हे मी प्रोग्रामच्या मंडळींपुढं मांडलं. त्यात एक गृहस्थ होते, कुठल्याशा बर्फाच्या देशात राहायचे, फार सज्जन. त्यांनी लिहिलं की लोक उत्तरासाठी येतात. रिकामं उत्तर पाहिलं की त्यांना वाटतं प्रोग्रामच बिघडला. मी त्यांना ते फोडलेलं बोंड दाखवलं. फोटो काढून ठेवला होता मी. खाली लिहिलं, हे भरलेल्या उत्तराचं फळ. दोन दिवसांनी त्यांनी होकार दिला आणि लाल अक्षरं थोडी मोठी करा असं सुचवलं.

नागपूरचे साहेब मात्र ऐकेनात. केंद्राला जीप देणाऱ्या देणगीदारांच्या वतीनं हे साहेब पाहणीला यायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात नेहमी छापील अहवाल. त्यांनी नवा नकाशा पाहिला. ठिपके कमी झालेले आणि लाल ओळी वाढलेल्या. भुवया वर गेल्या.

"मॅडम, मागच्या वर्षी नकाशा कसा भरलेला होता. आता पाहणाऱ्याला वाटेल, काम कमी झालं. जुनीच सेवा ठेवा. खर्चाचं आम्ही पाहतो."

"जुनी ठेवली तर गाडी चुकीच्या गावी जाईल, साहेब."

"एखाद्या वेळी होते तसं. एवढ्या मोठ्या कामात एखादं गाव इकडेतिकडे होणारच."

एखादं गाव! माझ्या डोळ्यांसमोर काकूंचा अंगठा आला. मी म्हटलं, "साहेब, तुमचा अहवाल नागपूरच्या टेबलावर राहतो, बोंड इथं वावरात राहते. मला दोघांपैकी एकाशीच खोटं बोलायचं असेल तर मी तुमच्या टेबलाशी बोलीन, बोंडाशी नाही. अन् खरं सांगू का, आता टेबलाशीही बोलणार नाही."

ताईनं टेबलाखालून माझा पाय दाबला. मी पाय काढून घेतला. साहेब हसले, अहवालाची घडी केली आणि "बघू" म्हणाले. पावसाळ्याच्या तोंडावर जीप परत मागवली गेली. कारण वेगळंच लिहून आलं होतं, पण ज्याला कळायचं त्याला कळलं. केंद्रावरच्या दोघा-तिघांनी मला तोंडावर सांगितलं, तुझ्या तोंडानं गाडी गेली. गेली तर गेली. भलत्या गावी वेळेवर पोचणारी गाडी काय चाटायची आहे? कार्डं आता एसटीनं यायची आणि मोटरसायकलवर, स्कूटीवर वाटली जायची. माझी स्कूटी त्यात आलीच.

त्याआधी उन्हाळ्यात मी काकूंसोबत रिठात गेले होते. काकूंनी मला शिवेवरून फिरवलं. इथून ही चिंच, इथं मारुती, हा नाला म्हणजे हद्द. मी फोनवर जागा टिपत गेले आणि घरी येऊन खुल्या नकाशात पिंपरी रीठ मांडलं, तालुका घाटंजी. काकू मागच्या हंगामाचं एक अक्षर बोलल्या नाहीत. फक्त परत निघताना म्हणाल्या, "या साली मी मोजीन. पन घरी बसून वाट पाहनार नाई, हे सांगून ठेवतो." त्यांच्याकडे बायाही 'करतो', 'ठेवतो' असंच बोलतात. माझ्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता, आणि तो मागायची मला सोय नव्हती.

हंगाम लागला. ताईनं जुन्या नोंदी, साठवलेल्या उत्तरांसकट, पुसून कॉम्प्युटर नव्यानं तयार केला. पऱ्हाटीला पात्या-कळ्या, फुलं लागली तसे आकडे यायला लागले. आणि एका सकाळी मला ताईचा फोन.

"मॅडम, पिंपरीचा आकडा तिसऱ्या दिवशी बारा आहे. अन् ठिपका नाही पडून राह्यला. लाल ओळ आली."

पिंपरी तर मी मांडली होती! नकाशा उघडून पाहिला. जागा होती, शेतं होती, नाला होता. नाव गायब. कुठल्या तरी लांबच्या स्वयंसेवकानं उपग्रहाचा फोटो पाहून ते पुसलं होतं आणि शेरा मारला होता: इथं एकही घर दिसत नाही, गाव अस्तित्वात नाही. ज्या सेवेसाठी मी भांडले, जीप घालवली, तिच्याच नकाशातून.

"ताई, तू काय केलं मग?" मी विचारलं.

"काय करन? ओळीत लिहिलंच होतं, फोन करा. केला. काकू म्हनल्या, रिठातली पिंपरी. तुम्ही स्कूटी काढा ना, कार्डं एसटीनं घाटंजीले येऊन पडली आहेत."

घाटंजीहून कार्डं उचलून मी दोन तासांत रिठात होते. काकू मारुतीपाशी उभ्या होत्या, कार्डं हातात घेतली आणि सरळ वावरात शिरल्या. मी मागोमाग. पान उलटं करायचं, कार्डाची पट्टी खालून टाचायची, पुढं सरकायचं. चार-पाच झाडं झाली आणि माझ्याच्यानं राहवेना. मी तिथंच उभी राहून फोन काढला आणि पिंपरी रीठ पुन्हा मांडायला घेतलं. शेऱ्यात लिहिलं: घरं नाहीत, शेती आहे, सातबारा आहे, मी आत्ता याच गावात उभी आहे.

"काय करून राह्यली?" काकूंनी विचारलं.

मी सांगितलं. की तुमचं गाव नकाशातून पुसलं कोणीतरी. म्हणतो इथं माणूसच नाही.

काकूंनी कमरेवर हात ठेवला. एकदा आपल्या पाच एकरांवरून नजर फिरवली, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"अन् तू पुन्हा लिहिशीन, तो पुन्हा पुसन?"

"पुसू दे. मी पुन्हा मांडीन. दर हंगामाला मांडीन."

"मंधातल्या दिवसात काय?"

"मधल्या दिवसात मशीन नाही म्हणेल, काकू. आणि ताई फोन करेल."

काकूंनी माझ्या हातातली उरलेली कार्डं घेतली आणि पुढच्या झाडाचं पान उलटं केलं.

"मंग पुसू दे त्याले," त्या म्हणाल्या. "मले फोन तं आला ना."